प्रोसेसर बदलायचा की थांबायचं? जुन्या गेमिंग पीसीची आधी परीक्षा घ्या

गेम अडखळायला लागला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. बऱ्याचदा दोष दुसरीकडेच असतो: रॅमची एकच स्टिक, वाळून गेलेली थर्मल पेस्ट, तुडुंब भरलेली ग्राफिक्स कार्डची मेमरी. न तपासता थेट पुण्यातली तपकीर गल्ली (संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार) गाठून नवा प्रोसेसर आणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तपासणीला एक रुपयाही लागत नाही, एक संध्याकाळ पुरते.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही खेळताना आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर टाकून घ्या. स्क्रीनवर या गोष्टी दिसायला हव्यात: ग्राफिक्स कार्डचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी एक काम उरकणाऱ्या धाग्याचा) वेगवेगळा वापर, प्रोसेसरचा क्लॉक (वेग) आणि तापमान, ग्राफिक्स मेमरी आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक चित्राला लागणाऱ्या वेळेचा, आलेख. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा आणि गेममधली फ्रेमची मर्यादाही काढा. ती मर्यादा चालू राहिली तर कार्ड ६० टक्क्यांवर आरामात बसलेलं दिसतं आणि उगाच प्रोसेसरवर आळ येतो.

आता तुम्ही रोज खेळता तोच गेम लावा. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ असेल तर सरावाच्या रिकाम्या मैदानात मोजू नका. तिथे ना दहा खेळाडू असतात, ना धूर, ना एकाच वेळी सुटणाऱ्या गोळ्या, त्यामुळे प्रोसेसरवर खरा भार येतच नाही. डेथमॅचमध्ये मोजा, तीन वेळा मोजा. ओपन वर्ल्ड गेम असेल तर गर्दीच्या शहरातला एक ठरावीक रस्ता धरा आणि दर वेळी तोच चाला.

कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर अडलंय ते ग्राफिक्स कार्डापाशी. नवा प्रोसेसर घालून तिथे फ्रेम जवळजवळ वाढणार नाहीत. वापर ५०-७० टक्क्यांत घुटमळत असेल आणि फ्रेम तरीही कमी असतील तर प्रोसेसर किंवा रॅम कार्डाला पुरेसं काम पुरवू शकत नाहीये.

इथे एक फसवा आकडा असतो. टास्क मॅनेजर म्हणतो ‘प्रोसेसर ३५ टक्के’, आणि वाटतं की प्रोसेसर तर निवांत आहे. पण बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण पिळून निघाला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८.३ टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड सहसा एकच असतो, आणि पुढची फ्रेम कधी निघणार ते तोच ठरवतो. म्हणून एकूण आकडा सोडा, थ्रेडनिहाय आकडे बघा. एकदोन थ्रेड सतत ९० च्या वर आणि बाकीचे मोकळे असतील, तर प्रोसेसरच अडतोय.

खात्रीची परीक्षा मात्र रिझोल्यूशनची. १०८०पी वर फ्रेम मोजा, मग बाकी सेटिंग्ज न बदलता ७२०पी करा. चित्र लहान झालं की कार्डाचं काम घटतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. समजा १०८०पी ला ९२ फ्रेम होत्या आणि ७२०पी ला ९४ झाल्या: भिंत प्रोसेसरचीच. ९२ च्या १३० झाल्या तर कार्डाची. ही परीक्षा निदान तीन गेममध्ये घ्या, कारण एकाच पीसीवर एका गेममध्ये प्रोसेसर अडतो आणि दुसऱ्यात कार्ड.

सरासरी फ्रेमवर भुलू नका. ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, १४४ म्हणजे ६.९. सरासरी ११० असूनही मधूनच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेत असेल तर हाताला झटका जाणवतो, आणि नेमका शत्रू समोर आल्यावरच जाणवतो. ‘१ टक्का लो’ हा आकडा, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, तेच सांगतो. थकलेला प्रोसेसर आधी इथे उघडा पडतो, सरासरी त्यानंतर घसरते. पण ग्राफिक्स मेमरी काठोकाठ भरली असेल किंवा गेम हार्ड डिस्कवर असेल तरीही असेच झटके बसतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणून आणि गेम एसएसडीवर हलवून पुन्हा बघा.

फुकटात किंवा थोड्या खर्चात सुटणाऱ्या गोष्टी

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक करा. ३२०० ची डीडीआर४ रॅम तिथे २१३३ किंवा २४०० दाखवत असेल तर बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, कधी चालूच केलेली नाही. रायझनमध्ये रॅमच्या वेगावर आतल्या जोडणीचाही वेग अवलंबून असतो, त्यामुळे हा बदल लगेच जाणवतो. एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी घाला. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. दोन्ही स्टिक शेजारीशेजारी लावल्या की ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकत्र चालणं) सुरूच होत नाही. ही चूक घरोघरी सापडते.

मग उष्णता. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि पंख्याच्या खोलीत कॅबिनेट तीच हवा आत ओढतं. जानेवारीत रात्री घेतलेलं माप म्हणूनच पुरेसं नाही. दुपारी अर्धा तास गेम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो६४ मध्ये तापमान आणि क्लॉक शेजारीशेजारी बघा. मॉडेलनुसार ९० ते १०० अंशांच्या मर्यादेला पोचून क्लॉक खाली येत असेल तर प्रोसेसर जुना नाही, तापलेला आहे. आजूबाजूला बांधकाम चालू असलेल्या भागात कूलरच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसतो. तो काढताना ब्लोअरची हवा मारायच्या आधी पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि वाटाण्याएवढी नवी लावा.

विंडोजचा पॉवर प्लॅन ‘पॉवर सेव्हर’वर अडकलेला नाही ना, तेही बघून घ्या. मागे चालणारे ब्राउझरचे चाळीस टॅब आणि अँटिव्हायरसचं स्कॅनिंग चार कोअरच्या प्रोसेसरला पुरेसं छळतात.

एवढं करून पुन्हा मोजा. आकडे तुम्हाला पुरेसे वाटले तर प्रश्न मिटला.

बोर्ड काय घेतो ते बघा

प्रोसेसरच अडतोय हे पक्कं झालं की खर्च ठरतो तो मदरबोर्डावर. सीपीयू-झेड उघडून मेनबोर्ड टॅबमधलं मॉडेल आणि बायोसची तारीख लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट यादी बघा. दुकानदाराच्या ‘बसेल की’पेक्षा ती यादी प्रमाण.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांचं (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) नशीब चांगलं. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या ए३२०, बी३५० बोर्डांनाही २०२२ पासून नव्या बायोसवर रायझन ५००० चालायला लागले. रायझन ५ १६०० किंवा २६०० वरून ५६०० वर गेलात तर रॅम, बोर्ड, कूलर सगळं तेच राहतं. ६५ वॉटचा हा प्रोसेसर साध्या बोर्डावरही निभावतो. ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी या दोघांत ९६ एमबी एल३ कॅशे आहे, ५६०० मध्ये ३२. गेमला लागणारा डेटा जवळच सापडतो, रॅमपर्यंतच्या खेपा वाचतात, म्हणून गेममध्ये हे दोघे बरेच पुढे जातात. पण ते १०५ वॉटचे आहेत, सोबत कूलर येत नाही आणि नवे मिळणंही आता अवघड झालंय. ज्या बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंकच नाही, त्यावर ते घालू नका.

इंटेलमध्ये जरा जपून. सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचं सॉकेट नावाला ११५१ च. तरी सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठवी-नववी चालत नाही. आय५-७४०० असेल तर त्या बोर्डावर जास्तीत जास्त आय७-७७०० किंवा ७७००के, तोही चारच कोअरचा. सेकंडहँड बाजारात त्याला चढा भाव देणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २००० पासूनचे प्रोसेसर आहेत. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा यंत्रणा) आणि सिक्युअर बूट लागतंच. मात्र टीपीएम नसल्याचा संदेश आला म्हणून लगेच प्रोसेसर बदलू नका. बऱ्याचदा बायोसमध्ये एफटीपीएम (एएमडीचं टीपीएम) किंवा पीटीटी (इंटेलचं) नुसतं बंद असतं.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बाराव्या पिढीचा आय३ असेल तर त्याच बोर्डावर तेरावी-चौदावी बसते. या दोन पिढ्यांच्या मोठ्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमची खराबी होत होती. त्यावरचा ०x१२९ मायक्रोकोड (बायोसमधून येणारी दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ मध्ये आला. तो किंवा त्यानंतरचा बायोस आधी टाका, मगच प्रोसेसर बसवा. वापरलेला आय७-आय९ स्वस्तात मिळाला तरी वॉरंटी शिल्लक नसेल तर सोडून द्या.

बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही बदलायची वेळ आली तर हिशेब वेगळा. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. आमचं मत असं: ७२०पी च्या परीक्षेतही तुमच्या मुख्य गेमचा ‘१ टक्का लो’ ६० च्या खाली असेल, तरच एवढा खर्च करा. नाहीतर जुन्या बोर्डावरचा सगळ्यात चांगला प्रोसेसर घ्या, किंवा थांबा.

बसवताना

बायोस आधी, प्रोसेसर नंतर. जुना प्रोसेसर काढून ठेवल्यावर नवा ओळखलाच गेला नाही तर स्क्रीन काळीच राहते. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर नेमक्या त्याच मॉडेलची, त्याच रिव्हिजनची फाइल घ्या. यूपीएस नसेल तर गुरुवार टाळा, पुण्यात तो महावितरणचा देखभालीचा वार आहे. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली तर बोर्डच निकामी होतो.

बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते बघा. असेल तर रिकव्हरी की मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. प्रोसेसर बदलला की त्यातल्या एफटीपीएमच्या किल्ल्या जातात आणि ड्राइव्ह कुलूपबंद होतो.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेली पेस्ट प्रोसेसरला धरून ठेवते आणि बंद सॉकेटमधून तो कूलरसकट उपटून येतो. खाली १३३१ पिना असतात, त्यातल्या दोनचार वाकतातच. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून केबल काढा, क्लिप सोडवा. मग कूलर डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, पकड सुटल्याचं हाताला कळतं. तेव्हाच उचला. नवा प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आला पाहिजे. तो आपल्या वजनानं आत बसतो, दाबायचा नाही. पिन वाकलीच असेल तर शिसं काढलेल्या ०.५ च्या पेन-पेन्सिलीचं रिकामं टोक त्या पिनेवर चढवून हळूहळू सरळ करा.

खरेदी तपकीर गल्लीत करणार असाल तर गाडी घरी ठेवा आणि मेट्रोनं मंडईला उतरा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बॉक्सशिवायच्या ट्रे प्रोसेसरची वॉरंटी दुकानदारच देतो, ती किती महिन्यांची आहे ते बिलावरच लिहून मागा. वापरलेला घेत असाल तर पिना उजेडात तिरक्या धरून बघा आणि दुकानातल्या बोर्डावर चालू करून सीपीयू-झेडमध्ये नाव दाखवायला सांगा.

बायोस अपडेटनंतर एक्सएमपी बंद होतं, ते पुन्हा चालू करा. मग त्याच रस्त्यावर, त्याच डेथमॅचमध्ये तीन वेळा मोजा. कार्ड आता ९५ च्या पुढे गेलं असेल तर काम झालं. जुना प्रोसेसर नव्याच्या प्लास्टिकच्या डबीत जपून ठेवा, आणि आठवडाभर तरी विकू नका.