काडतूस चेंबरमध्ये बसलं म्हणजे ते त्याच रायफलचं असतं असं नाही: या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात परवान्याचं हत्यार रेंजवर दिसतं, नाहीतर रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याच्या घरी. दोन्हीकडे एक चूक सारखीच होते. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) सरकलं, बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा दांडा) बंद झाला, की ते याच रायफलचं असं धरून चालतात.

सगळ्यात जास्त गोंधळ पॉइंट टू-टूमध्ये, म्हणजे .२२ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) होतो. शॉर्ट, लाँग रायफल आणि मॅग्नम ही तीन वेगळी काडतुसं आहेत. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्यात लाँग रायफलच वापरतात. मॅग्नम १९५९ मध्ये आलं. त्याची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) नुसती लांब नाही, रुंदही असते: व्यास साधारण ६.१ मिमी. लाँग रायफलची ५.७ मिमी. त्यामुळे लाँग रायफल मॅग्नमच्या चेंबरमध्ये आरामात जातं, आणि घात तिथेच होतो. चाप ओढला की पातळ पितळेला भोवती आधार मिळत नाही. पुंगळी फुगते, उभी चिरते आणि गरम गॅस मागे तोंडाकडे येऊ शकतो.

शॉर्ट मात्र लाँग रायफलच्या चेंबरमधून सुटतं. पण ते सतत वापरलं तर पुढच्या मोकळ्या जागेत काजळी आणि शिशाचं कडं धरतं. मग लाँग रायफल अडकतं, पुंगळी निघत नाही, आणि दोष एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याला) जातो. आधी चेंबरला ब्रश मारा.

काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचा, हा नेहमीचा सल्ला इथे पुरत नाही. पॉइंट टू-टूच्या बुडावर बहुतेक वेळा कंपनीचं एखादं अक्षरच असतं. सुटी काडतुसं खिशात किंवा टेबलाच्या खणात टाकू नका. ओळख डबीवर आहे.

मोठ्या बोअरमध्ये .३०-०६ आणि .३०८ जपून हाताळा. दोन्हींच्या गोळीचा व्यास ७.८२ मिमी, बूडही सारखंच. पण पुंगळीची लांबी .३०-०६ ची ६३ मिमी, .३०८ ची ५१. .३०-०६ हे .३०८ च्या चेंबरमध्ये बसतच नाही. उलट .३०८ मात्र .३०-०६ मध्ये बसू शकतं आणि सुटतंही. पुंगळीच्या खांद्याला (मानेआधीच्या उताराला) टेकू नसल्यानं पुंगळी फाटते.

.३१५ म्हणजे ८ मिमी, मग ८ मिमी माउझर चालेल, हा हिशेबही साफ चुकीचा. .३१५ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते, माउझरला खाच. .२२३ आणि ५.५६ बाहेरून जुळे दिसतात, पण ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळीपुढची मोकळी वाट लांब असते; .२२३ साठी कापलेल्या चेंबरमध्ये ५.५६ चं लष्करी काडतूस झाडलं तर दाब वाढतो. परदेशी लेखांत 'दोन्ही एकच' असं वाचलंत तरी बॅरलवर कोरलेला आणि परवान्यावर लिहिलेला बोअर हाच धरा.

बोल्ट जड लागला तर जोर लावू नका, काडतूस बाहेर काढून पाहा. पुंगळी फुगलेली, चिरलेली किंवा मानेवरून खाली काळी निघाली तर तिथेच थांबा. आवाज दबका आला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. हत्यार रिकामं करा आणि नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढची भरू नका. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.