एआय टूलमध्ये नुसता चॅटबॉक्स देऊ नका
एआयवर चालणारं लिखाणाचं टूल बनवताय तर नुसता चॅटबॉक्स देऊन मोकळे होऊ नका, कारण "तिसरा पॅरा जरा छोटा कर" म्हटलं की एआय मॉडेल बऱ्याचदा अख्खा मजकूर परत लिहून काढतं आणि छान जमलेली वाक्यंपण बिघडवून ठेवतं. त्यापेक्षा युजरला तेवढाच तुकडा सिलेक्ट करू द्या, आजूबाजूचा मजकूर संदर्भापुरता पाठवा, उत्तरात फक्त बदललेला तुकडा मागा आणि तो तुमच्या कोडने जागेवर बसवा, बाकीच्याला धक्काच लागत नाही. जुनं लाल, नवं हिरवं दाखवा. आणि हो, मजकुराच्या टोनसाठी (औपचारिक की मोकळा) ० ते १०० चा स्लायडर दिसतो भारी, पण ६२ आणि ६५ मधला फरक मॉडेलला काय कळणार, तीन-चार बटणं पुरतात.