बाभळीचा काटा अन् हब मोटरचं चाक

पांदण रस्त्यानं वावरात जाणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलचा मागचा टायर दोन दिवसांत तीनदा बसला. पंक्चर दर वेळी नवं, काटा मात्र तोच. बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहिलं होतं, बाहेरून दिसतच नव्हतं. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. जिथं धागे अडकले, तिथंच टोक सापडलं. पक्कडीनं ओढून काढलं.

हब मोटरचं, म्हणजे मधल्या तुंब्यातच मोटर असलेलं चाक काढण्याआधी बॅटरी काढून ठेवा. मोटरच्या वायरचं कनेक्टर सरळ ओढा. पिळलं की आतल्या पिना वाकतात. माझ्या सायकलला 18 चा पाना लागतो. वॉशरचा फोटो आधी काढाच. अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाचा मधला दांडा, फिरू न देणारा अँटी-रोटेशन वॉशर चुकीचा बसला तर जोर पडताच तो दांडा फिरतो आणि वायर पिळून तुटते. जोडताना कनेक्टरवरचे बाण समोरासमोर ठेवा.

शेवटी 26 इंची ट्यूबमध्ये 120 मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, भरलं. बारीक काट्यांना ते पुरतं, चिरीला नाही. शिवाय आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं.

मोबाईल होल्डर नंतर घ्या. आधी पाना, दोन टायर लिव्हर, पॅच अन् हातपंप.