रोमन चांदीचे नाणे कसे वाचावे

डिनेरियस हे रोमचे चांदीचे मुख्य नाणे इ. स. पू. २११ च्या सुमारास सुरू झाले. त्याचा व्यास जेमतेम १८-१९ मिलिमीटर असतो, त्यामुळे भिंग आणि तिरपा प्रकाश यांच्याशिवाय त्यावरचे अंकन उलगडत नाही. नाणे नेहमी कडेने धरावे आणि चिंचेने किंवा लिंबाने घासून उजळवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण काळसर थराबरोबर झिजलेल्या अक्षरांचा उरलासुरला उठावही निघून जातो.

चित्राआधी लेख वाचावा. अक्षरे कडेलगत, बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. पदव्या संक्षिप्त असतात, पण त्यांच्यापुढचा आकडा मोलाचा असतो: सम्राट ट्रेजनच्या नाण्यावर ‘कॉस’ (कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च शासकीय पदाचा संक्षेप) या अक्षरांनंतर पाचाचा आकडा असेल, तर त्याच्या पाचव्या कॉन्सलपदामुळे ते नाणे इ. स. १०३ ते १११ या काळातले ठरते.

सरावासाठी सम्राट टायबेरियसचे नाणे उत्तम. दक्षिण भारतातील साठ्यांमध्ये ते मोठ्या संख्येने सापडले आहे. पुढच्या बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेले मस्तक आणि ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ अशा अर्थाचा लेख असतो. मागे ‘मुख्य पुरोहित’ ही पदवी आणि राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री. ही सम्राटाची आई लिव्हिया असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तिचे नाव मात्र नाण्यावर नाही.

नाव कोरलेले नसेल तेव्हा मूर्तीच्या हातातील वस्तू पाहाव्यात. पंख आणि हार असतील तर ती विजयदेवता. तराजू आणि फळाफुलांनी भरलेले शिंग असेल तर न्याय्यतेची देवता किंवा टांकसाळीची देवता मोनेटा, आणि त्यांच्यातला निवाडा लेखच करतो. तथापि मूर्ती ओळखून थांबणे मला अपुरे वाटते. हे चित्र नेमके त्याच वेळी का ठसवले, हेही विचारले पाहिजे. सम्राट नर्व्हाच्या (इ. स. ९६ ते ९८) डिनेरियसवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि ‘सैन्यांचे ऐक्य’ हे शब्द दिसतात. त्याच नर्व्हाला इ. स. ९७ मध्ये त्याच्याच अंगरक्षक दलाने घेरले आणि आधीचा सम्राट डोमिशियन याच्या मारेकऱ्यांना दलाच्या हवाली करण्यास भाग पाडले.