शैक्षणिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड: दोन्ही देणी कशी फेडावीत

हातात पडणारा पगार ३५,००० रुपये, कार्डावर ६०,००० थकलेले आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या बऱ्याच जणांची नोकरीची सुरुवात अशीच होते. मोठं कर्ज आधी फेडावं असं घरचे सांगतात. माझं मत उलटं आहे: आधी कार्ड.

पहिल्यांदा कागद समोर घ्या. दोन्ही देण्यांची बाकी, व्याजदर आणि तारीख एका वहीत लिहून काढा. शैक्षणिक कर्जाचा आकडा बघून दचकायला होईल. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाख उचलले, तर १० टक्के सरळ व्याजाने हप्ता सुरू होईपर्यंत सुमारे २ लाख १० हजार व्याज होतं. ते मुद्दलात मिळवलं जातं आणि दहा वर्षांसाठी महिना साधारण १०,७०० रुपयांचा हप्ता बसतो. अजून शिकत असाल तर निदान व्याज तरी भरत राहा. त्याबद्दल काही बँका दरात एक टक्का सूटही देतात.

आता कार्ड. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून छापलेला आकडा हाच खरा सापळा. ६०,००० बाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी २,१०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही ३,००० भरता आणि मुद्दल कमी होतं फक्त ५२२ रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. परवा घेतलेल्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून बाकी शून्य होईपर्यंत कार्ड कपाटात ठेवा आणि शॉपिंग ॲपमध्ये सेव्ह केलेला त्याचा नंबर काढून टाका. कार्डावर एटीएममधून रोख तर काढूच नका, तिथे व्याज पहिल्या दिवसापासून आणि वर वेगळं शुल्क.

पगार जमा झाला की दुसऱ्याच दिवशी शैक्षणिक कर्जाचा हप्ता आपोआप कापला जाईल अशी तारीख बँकेकडून मागून घ्या. हा हप्ता चुकवायचा नाही. बहुतेक वेळा आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा स्कोअर, दोघांचाही बिघडतो. खोलीभाडं, डबा, प्रवास वजा जाता जे उरेल ते सगळं कार्डावर. महिना १०,००० जमले तर वरची बाकी सात महिन्यांत जवळजवळ साफ होते.

तेवढे उरत नसतील तर कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून मागा, पण प्रोसेसिंग शुल्क धरून हिशेब करा. तुमच्या कचेरीत पगारदार पतसंस्था असेल आणि तुम्ही सभासद असाल, तर तिथलं कर्ज घेऊन कार्ड बंद करणं सहसा स्वस्त पडतं. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ‘सेटलमेंट’ही शेवटचाच उपाय: काही रक्कम माफ होते, पण क्रेडिट अहवालावर तसा शेरा राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना आडवा येतो.

वसुलीवाल्यांचे फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर येत असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाबाहेर आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

कार्ड संपलं की तेच १०,००० शैक्षणिक कर्जात जादा भरा. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. तरी फार घाई नको, आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा. जुनी करप्रणाली निवडली असेल तर या कर्जाचं पूर्ण व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा मिळतं. नव्या प्रणालीत ही वजावट नाही.

शेवटचा हप्ता गेल्यावर ‘नो ड्यूज’, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा, दाखला घ्या. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते, ती मागायला लाजू नका.