टॉप्समधून नाव वगळलं, आता पैसे कुठून?

टार्गेट ऑलिम्पिक पोडियम स्कीम (टॉप्स) ही निवडक खेळाडूंना ऑलिम्पिकच्या तयारीसाठी मदत करणारी केंद्र सरकारची योजना. तिच्या मुख्य गटात महिन्याला ५०,००० रुपये भत्ता मिळतो, विकास गटात २५,०००. तलवारबाजी, नौकानयन असल्या खेळांत प्रायोजक मुळातच कमी, त्यामुळे यादीतून नाव गेलं की लगेच तंगी सुरू होते.

आधी वगळल्याचं कारण लेखी मागा. गुण घसरलेत की दुखापत, यावर पुढचा अर्ज ठरतो. मग तुमच्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाकडे चौकशी करा. त्यांच्या वार्षिक प्रशिक्षण व स्पर्धा आराखड्यात तुमचं नाव असेल, तर शिबिर आणि परदेश दौऱ्याचा खर्च तिथून निघू शकतो. बरेच जण हे विचारतच नाहीत.

तिसरा रस्ता कंपन्यांच्या सीएसआर निधीचा, म्हणजे कायद्याने समाजोपयोगी कामांवर खर्च करायच्या पैशांचा. ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं, आणि देशासाठी खेळणाऱ्याचं परदेशातलं प्रशिक्षणसुद्धा. पण जर्सीवर लोगो लावून जाहिरात करायची असेल, तर तो खर्च सीएसआर धरला जात नाही. अर्ज इथेच अडकतात. शिवाय कंपनी बहुधा संस्थेमार्फत पैसे देते. त्या संस्थेकडे सीएसआर-१ (सीएसआरची कामं करण्यासाठीची सरकारी नोंदणी) हवीच, आणि बहुधा १२ए व ८०जी या प्राप्तिकराच्या नोंदण्याही लागतात. मार्चअखेर धावू नका, नव्या वर्षाचं अंदाजपत्रक ठरण्याआधी प्रस्ताव द्या. त्यात स्पर्धा, तारखा, विमानभाडं, फिजिओ, साहित्य असा ओळीओळीने खर्च मांडा. "मदत करावी" एवढ्यावर कोणी पैसे देत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: निधी थांबला तरी उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत गटातून नाव आपोआप निघत नाही. ठावठिकाणा, म्हणजे चाचणीसाठी तुम्ही कधी कुठे सापडाल ही माहिती, भरत राहा. माहिती न भरणं किंवा सांगितलेल्या जागी चाचणीला न सापडणं अशा १२ महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी येऊ शकते.