जे-१ वेव्हरची वाट पाहताना या चुका टाळा

पोस्टडॉकसाठी अमेरिकेत आलेल्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. "नोरीला टाकून आठ महिने झाले, काहीच हलत नाही. काय करू?" मी नोरीबद्दल लगेच बोलत नाही. आधी दोन गोष्टी विचारतो: तुझ्या डीएस-२०१९ ची, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या जे-१ कार्यक्रमाच्या कागदाची, मुदत कधी संपते? आणि दोन वर्षांचा नियम तुला लागू आहे, हे तुला कोणी सांगितलं? दोन्हींची नेमकी उत्तरं क्वचितच मिळतात. मी स्वतः या वाटेने गेलो तेव्हा मलाही ती माहीत नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नियम थोडक्यात असा. जे-१ या विनिमय (एक्सचेंज) कार्यक्रमाच्या व्हिसावर आलेल्या काही लोकांना कार्यक्रम संपल्यावर एकूण दोन वर्षं मायदेशात राहावं लागतं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं हे २१२(ई) कलम. तोवर एच-१बी किंवा एल हे नोकरीचे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. यातून सूट मागायची ती म्हणजे वेव्हर. आपल्याकडचे बहुतेक संशोधक ही सूट भारत सरकारच्या ना-हरकत पत्रावर मागतात. त्यालाच आपण 'नोरी' म्हणतो, म्हणजे भारतात परतण्याचं बंधन नसल्याचं पत्र.

लागू नसलेल्या नियमासाठी रांगेत उभं राहणं

सगळ्यात वाईट वाटायला लावणारी चूक ही. नियम तीन कारणांनी लागू होतो: अमेरिकन किंवा भारत सरकारने या विनिमयासाठी पैसे दिले असतील, तुमचं क्षेत्र 'स्किल्स लिस्ट'मध्ये, म्हणजे मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या यादीत असेल, किंवा तुम्ही डॉक्टर म्हणून रेसिडेन्सी-फेलोशिप करायला आला असाल. यातली स्किल्स लिस्ट ९ डिसेंबर २०२४ पासून बदलली आणि त्या यादीतून भारताचं नाव वगळलं गेलं. बदल मागच्या लोकांनाही लागू आहे. म्हणजे २०१८ किंवा २०२१ साली आलेल्या ज्या भारतीयावर केवळ स्किल्स लिस्टमुळे बंधन होतं, त्याच्यावर ते आता उरलेलं नाही.

पण पासपोर्टमधल्या व्हिसावर 'टू इयर रूल डझ अप्लाय' असं छापलेलं असतं आणि माणूस ते वाचून कामाला लागतो. तो छापील शेरा शेवटचा शब्द नाही. व्हिसा देताना अधिकाऱ्याने केलेली ती नोंद आहे आणि ती चुकूही शकते. डीएस-२०१९ वरचा निधीचा रकाना काढून नीट वाचा. प्राध्यापकाच्या संशोधन निधीतून मिळणारा पगार ही एक गोष्ट, आणि तुम्हाला परदेशी पाठवण्यासाठी सरकारने दिलेली शिष्यवृत्ती ही वेगळी. शंका उरली तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेव्हर विभागाकडून 'ॲडव्हायझरी ओपिनियन', म्हणजे नियम तुम्हाला लागू आहे का याचं मत, मागवा. त्याला फी नाही. उत्तर यायला वेळ लागतो, पण नको असलेल्या नोरीमागे वर्ष घालवण्यापेक्षा ते बरं.

याच्या उलटही घडतं. कॉलेजात असताना खोराना किंवा एस. एन. बोस स्कॉलर म्हणून उन्हाळ्यात दोन-अडीच महिने अमेरिकेत जाऊन आलेली मुलं पुढे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पीएचडी करतात आणि तो उन्हाळा विसरून जातात. त्या योजनांमागे भारत सरकारचा पैसा असतो आणि व्हिसा असतो जे-१. वर्षांनंतर एच-१बीची वेळ आली की वकील विचारतो, याआधी कधी जे-१ घेतला होता का? जुने डीएस-२०१९ आजच शोधून ठेवा. वेव्हरच्या अर्जाला तुमचे आजवरचे सगळे डीएस-२०१९ जोडावे लागतात, फक्त चालू असलेला नाही.

वेव्हरला स्टेटस समजणं

अर्ज केला म्हणून अमेरिकेत राहण्याचा एक दिवसाचाही हक्क मिळत नाही. डीएस-२०१९ संपला, त्यानंतरचे ३० दिवस संपले, की निघावं लागतं. वेव्हरची फाइल कुठे का असेना.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी मला कोणी वेळेत सांगितली नव्हती. परराष्ट्र खात्याने वेव्हरची शिफारस केली की त्यानंतर तुमचा जे-१ कार्यक्रम वाढवता येत नाही. हातात असलेला डीएस-२०१९ त्याच्या तारखेपर्यंत चालतो, पण नवा मिळत नाही. मग समजा शिफारस मार्चमध्ये आली, डीएस-२०१९ जूनमध्ये संपतोय, आणि विद्यापीठाच्या एचआरला एच-१बीची कागदपत्रं तयार करायलाच चार महिने हवेत. ज्या बातमीची दीड वर्ष वाट पाहिली, ती आली आणि नोकरी धोक्यात आली.

म्हणून शिफारस येण्याच्या आत, अर्ज करण्यापूर्वीच जमलं तर उत्तम, इंटरनॅशनल ऑफिसशी बोलून डीएस-२०१९ शक्य तितका लांबवून घ्या. रिसर्च स्कॉलरला कमाल पाच वर्षं मिळतात. प्राध्यापकांनाही ही गोष्ट समजावून सांगा, कारण मुदतवाढीसाठी निधीचं पत्र त्यांनाच द्यायचं असतं. विद्यापीठाच्या एच-१बीला लॉटरी नसते, वर्षात कधीही अर्ज करता येतो. त्यामुळे तारखा जुळवणं तुमच्या हातात आहे.

आणखी एक गल्लत. रिसर्च स्कॉलरचा कार्यक्रम संपल्यावर पुन्हा त्याच वर्गात यायला २४ महिने थांबावं लागतं, तो नियम वेगळा आहे. वेव्हर मिळाल्याने तो जात नाही.

नोरीची फाइल वाऱ्यावर सोडणं

आधी डीएस-३०३५ हा फॉर्म ऑनलाइन भरा आणि केस नंबर घ्या. पुढचा प्रत्येक कागद त्या नंबराला जोडला जातो. फी १२० डॉलर आहे आणि ती परत मिळत नाही. फॉर्मसोबत बारकोडची पानं छापून येतात, ती फेकू नका.

भारताच्या बाजूने मात्र एका टेबलावर काम होत नाही. शिक्षण मंत्रालय, तुमचं राज्य सरकार आणि पासपोर्ट ऑफिस या तिघांच्या ना-हरकती लागतात, मग दूतावास पत्र काढतो. वेळ खरा जातो तो या तीन टेबलांमध्ये. माझी फाइल दोन ठिकाणी सुटली होती आणि तिसऱ्या ठिकाणी कित्येक आठवडे पडून होती, कारण दोन कागदांवर माझं नाव वेगवेगळं होतं. ते कोणी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. चालू आहे, होईल, असं धरून बसलो.

आपल्या नावांचं हे दुखणं जुनंच आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, डीएस-२०१९ वर ते गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे तर माहेरचे आणि सासरचे कागद वेगळेच. अर्ज करण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर मांडा, नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि फरक असेल तर त्याचं शपथपत्र पहिल्याच दिवशी जोडा. जुन्या पासपोर्टच्या प्रतीही ठेवा.

भारतातल्या घरचा पत्ता आणि फोन नंबर असा द्या जिथे कोणीतरी खरंच आहे. पोलीस चौकशीला आले आणि शेजाऱ्यांनी "ते अमेरिकेत असतात" एवढंच सांगितलं, तर फाइल तिथेच थांबू शकते. आई-बाबांना आधी सांगून ठेवा, कागदांचा एक संच त्यांच्याकडे द्या.

पाठपुरावा करताना आवक क्रमांक विचारा. "साहेब, माझ्या फाइलचं काय झालं" याला उत्तर मिळत नाही. आवक क्रमांक आणि तारीख सांगितली की मिळतं. मंत्रालयात कोणी ओळखीचं जाणार असेल तर त्यांना पोच घेऊनच यायला सांगा. तरीही हाललं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. केंद्राकडे अर्जाची फी १० रुपये आहे, परदेशातून ती ऑनलाइन भरता येते, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तक्रारीच्या सुरात लिहू नका. फाइल आज कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोणता कागद कमी आहे, इतकंच विचारा.

दूतावासाचं पत्र थेट वेव्हर विभागाकडे जावं लागतं. तुम्ही पाकिटात घालून पाठवलेलं चालत नाही. पत्र निघाल्याचं कळल्यावर वेबसाइटवर ते 'मिळालं' असं दिसेपर्यंत लक्ष ठेवा. या काळात घर बदललं तर विद्यापीठाला कळवलं तेवढं पुरत नाही, वेव्हर विभागाला वेगळं कळवा.

फुलब्राइटवर आलेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं: अमेरिकन सरकारचा पैसा असेल तर प्रायोजकाचं मत मागवलं जातं, आणि निव्वळ नोरीवर सूट मिळणं फार कठीण जातं.

डॉक्टरांनी नोरीमागे लागणं

रेसिडेन्सीसाठी जे-१ घेतलेल्या डॉक्टरांना ना-हरकत पत्राचा मार्गच नाही. त्यांचा नेहमीचा मार्ग कॉनराड-३०. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम. वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि काही राज्यांतल्या जागा लवकर भरतात, म्हणून नोकरीचा शोध रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाआधीच सुरू करायला हवा.

घरातला दुसरा पगार विसरणं

नवरा किंवा बायको जे-२ या जोडीदाराच्या व्हिसावर वर्क परमिट घेऊन नोकरी करत असेल, तर तुम्ही एच-१बीवर गेलात की ती परवानगी संपते. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, बहुतेकांना काम करता येत नाही. तुमच्या ग्रीन कार्डसाठी नोकरी देणाऱ्याने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावर ते शक्य होतं. घरभाडं दोन पगारांवर चालत असेल तर एच-१बीची तारीख दोघांनी मिळून ठरवा. वेव्हरच्या आनंदात हे लक्षात येत नाही आणि मग घरात त्रास होतो.

न विचारता भारतात जाणं

याबद्दल लिहिताना हात जड होतो. वाट पाहण्याच्या काळातच घरी कोणाचं आजारपण निघतं, बहिणीचं लग्न ठरतं. जाऊ नका असं मी सांगणार नाही. पण पासपोर्टमधला व्हिसा संपलेला असेल तर मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये नवा जे-१ मागावा लागेल. तिथे भारतात परत येण्याचा इरादा दाखवायचा असतो, आणि तुमची वेव्हरची फाइल नेमकं उलटं सांगत असते. शिफारस झाली असेल तर नव्या जे-१ वर भिस्त ठेवूच नका. तिकीट काढण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा. व्हिसा चालू असेल आणि जाणं गरजेचं असेल तर फाइल हलण्याच्या आधीच जाऊन या.

जाऊन आलात तर बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा. दोन वर्षं सलग काढावी लागत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी एकूण भरली तरी चालतात. जे-१ संपवून काही महिने पुण्यात किंवा साताऱ्यात राहून मग दुसऱ्या व्हिसावर आलेल्यांचे ते महिने हिशेबात धरले जातात. नोरी अडकून पडलेल्या एका मैत्रिणीने असा हिशेब मांडला, तेव्हा तिचे सोळा महिने आधीच भरलेले निघाले.